शेजूळ काकांचा बरा महिना

“वाळवंटाच्या देशात जायला बरा महिना कोणता?” असं काउंटरवर कुणी विचारलं, की मी अजूनही आधी दाराकडं बघते. शेजूळ काका तिथं उभे तर नाहीत ना, याची खात्री करून घेते. वास्तविक ते गेले त्याला वर्ष होत आलं. गेले तेही ऐन माघात, सकाळचा चहा समोर असताना. हवामान न बघता त्यांनी आयुष्यात केलेली बहुधा ती एकच गोष्ट, आणि त्या दिवशी हवा नेमकी छान होती. हे लिहिताना मला वाईट वाटतंय आणि चीडही येतेय. काकांच्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं, दोन्ही एकदम.

माझं ऑफिस गुलमंडीला, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. विमानाची तिकिटं, व्हिसा, पासपोर्टचे फॉर्म अशी कामं. गिऱ्हाईक म्हणाल तर मक्केला उमऱ्याला जाणारे, आखातात कामाला जाणारे, आणि लेकरांकडं निघालेले आईबाप. यातले आईबाप एरवी सगळ्यात सोपे. त्यांना खिडकीची जागा नको असते, विमान कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. सुनेच्या बाळंतपणाची तारीख सांगतात आणि सही करून मोकळे होतात. शेजूळ काका आणि सुमन काकू पहिल्यांदा जिना चढून आले, तेव्हा मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे.

त्यांची मुलगी ज्योती मस्कतला नर्स होती. लग्न मोडल्यावर ती तिकडं गेली, काही वर्षं चौघींत मिळून एका खोलीत राहिली, आणि मग स्वतःच्या नावानं भाड्याचं घर घेतलं. काकूंच्या बोलण्यात हे घर सारखं यायचं. ज्योती वर्षातून एकदा इकडं यायची, पण काकूंचं म्हणणं वेगळं होतं.

“ती इथं येती पंधरा दिवस, पाहुणी म्हणून,” त्या म्हणाल्या. “मला एकदा तिच्या घरी पाहुणी म्हणून जायचंय. एकटीनं संसार कसा मांडलाय ते डोळ्यांनी बघायचंय.”

एवढीच मागणी होती. मी कॅलेंडर पुढं ओढलं. नोव्हेंबर चालू होता. “डिसेंबर-जानेवारीत जा काका, तिकडं सगळ्यात छान हवा तेव्हाच.”

“असं सगळेच म्हणत्यात,” काका म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. तिथून पुढचं दीड वर्ष ती वही माझ्या टेबलावर येत राहिली.

काका कृषी खात्यात होते. पैठण तालुक्यातल्या गावांत फिरून कधी पेरा आणि कधी थांबा हे लोकांना सांगण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त होऊन त्यांनी हर्सूलकडं घर बांधलं, पण खातं काही अंगातून गेलं नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्यावर घाम पुसायला दस्ती. आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून, गजांतून दिसेल तेवढं आभाळ बघितल्याशिवाय ते आत येत नसत. माझ्या ऑफिसचा आणि आभाळाचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. “सवय,” म्हणाले. चहा मागवला तर तो प्यायच्या लायकीचा व्हायची वाट बघत बसायचे. बोटानं कपाला शिवायचं, थोडं थांबायचं, परत शिवायचं. मधेच बोलण्यात रंगायचे, आणि कप उचलायचे तेव्हा तो गारढोण झालेला असायचा. मग खालच्या चहावाल्याला हाक मारून तो गरम करून आणायचा, की पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडं एक कप धड प्यायलेला मला आठवत नाही.

त्यांचा लाडका शब्द होता वापसा. पाऊस पडून गेला की रान चिखल असतं, त्यात औत घालता येत नाही. फार थांबलं तर तेच रान टणक होतं. चिखल नाही आणि टणकही नाही, असा जो मधला नेमका काळ, तो वापसा. काका हा शब्द कशालाही लावायचे. बँकेत गर्दी असली तर वापसा नाही, ज्योतीनं फोन घाईत उचलला तर वापसा नाही. “घाई नाय ताई, वापसा येऊ द्या,” हे ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची.

काकांच्या या थांबण्याला कारण होतं, आणि ते काकूंनीच मला सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बिडकीनजवळच्या एका गावी पहिलाच पाऊस जोरात झाला. अख्खं गाव तिफणी घेऊन निघालं. काका बांधावर आडवे उभे राहिले. मूठभर माती उचलायची, दाबून तिचा लाडू करायचा आणि हातातून खाली सोडून तो कसा फुटतो ते बघायचं, असं त्यांनी एकेकाला करून दाखवलं. ओल वरवरची आहे, थांबा, म्हणून सांगितलं. अर्ध्या गावानं ऐकलं, अर्ध्यानं त्यांना वेड्यात काढलं. पुढं तीन आठवडे आभाळात ढग नाही. पेरलेल्यांचं बी करपलं, थांबलेल्यांचं वाचलं. तेव्हापासून त्या गावात शेजूळ साहेबांना विचारल्याशिवाय कुणी बियाण्याची पिशवी फोडत नसे. काकू हे कौतुकानं सांगत होत्या. मला मात्र वाटलं, त्या एका यशानं हा माणूस कामातून गेला.

आता वहीबद्दल. ज्योतीनं रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी गच्चीवर जायचं, तिथं टांगलेल्या थर्मामीटरवर पारा बघायचा आणि बाबांना कळवायचं, अशी व्यवस्था काकांनी लावून दिली होती. हे सगळं फोनवर घरबसल्या मिळतं, असं मी म्हणाले. “ते विमानतळावरचं असतं,” काका म्हणाले. “आपल्याला काय विमानतळावर राहायचंय?” वहीत रकाने होते: पारा, वारा, धूळ, घाम. घामाला ज्योती एक ते पाच असे गुण द्यायची. चाळिशीकडं आलेली, रात्रपाळ्या करणारी बाई रोज सकाळी स्वतःच्या घामाला गुण देऊन बापाला पाठवते, हे बघून मला आधी हसू आलं आणि मग हात जोडावेसे वाटले.

वहीच्या आधारानं काका एकेक महिना बाद करत गेले. डिसेंबर नको, कारण काकूंना दमा आणि वाळवंटात रात्री गारठा. मी म्हटलं, मस्कत समुद्राकाठी आहे आणि काकू वाळूवर झोपणार नाहीयेत. तरी नको. फेब्रुवारीत वारा सुटतो. मग रमजान, ज्योतीला ड्युट्या जास्त. एप्रिलपासून ऊन. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडंच एवढं उकडतं, तर तिकडं विचारायलाच नको. नोव्हेंबरात दिवाळी, आणि दिवाळीला घर अंधारात ठेवून कसं जायचं? वर्षाचे बारा महिने असे सोलत सोलत काकांच्या हातात नऊ-दहा दिवस उरले, आणि ते सलग नव्हते.

त्या पहिल्या हिवाळ्यात मीच रेटलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढायला लावली, दोघांचे पासपोर्ट घेतले. काकूंचा नवा कोरा होता. काकांचा जुना, खात्याच्या एका परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी कधीकाळी काढलेला, आणि तो दौरा झालाच नव्हता. त्याची मुदत अजून दीड वर्षाहून जास्त होती. व्हिसा आला. काकूंनी बाजरीचं पीठ दळून आणलं, कारळाची चटणी कुटली. निघायला तीन दिवस राहिले असताना काका जिना चढून आले, आभाळ बघितलं, खुर्चीत बसले.

“ताई, रद्द करा. तिकडं पाऊस सांगितलाय.”

“वाळवंटात पाऊस?”

“म्हणून तर. तिथल्या जमिनीला पाणी प्यायची सवय नसती. कोरडे ओढे एकदम भरून येत्यात. माहिती काढलीय मी.”

आणि ते खरं होतं, तिकडं कधीमधी तसं होतं. काकांचं हेच मला सहन व्हायचं नाही. त्यांचं कुठलंही कारण खोटं नसायचं. एकेक घेतलं तर प्रत्येक पटण्यासारखं, आणि सगळी मिळून मात्र तो माणूस हर्सूलच्या पुढं सरकत नव्हता. मी तिकिटं रद्द केली. पाऊस दहा मिनिटं पडला, असं ज्योतीनं दुसऱ्या आठवड्यात कळवलं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग ज्योतीचाच मला फोन आला. तिनं आईबापासाठी सुट्टी घेऊन ठेवली होती, ती वाया गेली होती. आधी शांतपणे बोलत होती, मग म्हणाली, “ताई, एक खरं सांगा. बाबांना माझ्याकडं यायचंच नाही का? माझं लग्न मोडलं, मी एकटी राहते, हे बघायचं नाही का त्यांना? तसं असंल तर तसं सांगा, मी वाट बघायचं सोडते.”

“तसं अजिबात नाही गं,” मी म्हणाले. “त्यांना खरंच महिना निवडायचाय.”

ती म्हणाली, “हे जास्त वाईट आहे, ताई.”

मी हे काकांच्या कानावर घातलं. मुद्दाम घातलं, लागावं म्हणून. ते चमकले. “येडी का काय ती?” म्हणाले, आणि वही उघडून माझ्यासमोर धरली. पानामागून पान, रोजची तारीख, रोजचा पारा, सुवाच्य अक्षरात. “हे कुणासाठी करतोय मी? तिच्यासाठीच ना?” मला त्या क्षणी कळलं, की त्या वहीलाच ते माया समजत होते. सकाळी लेकीचा निरोप यायचा, ते तो लिहून घ्यायचे, ‘बरं’ म्हणून उलट निरोप धाडायचे. बापलेकीचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच, आणि त्यांच्या लेखी ते भरपूर होतं. लेकीला त्यात फक्त पारा दिसत होता, आणि तिची तरी काय चूक?

मे महिन्यात काकांनी आणखी एक प्रकार केला. तो मला काकूंनी ऑफिसात बसून, पदरानं वारा घेत घेत सांगितला. काकूंना ऊन कितपत सोसतं हे कळलं तर एप्रिल किंवा ऑक्टोबर जमवता येईल, असं काकांच्या डोक्यात आलं. म्हणून एका दुपारी एक वाजता ते काकूंना रिक्षात घालून हर्सूल तलावावर घेऊन गेले. सराव म्हणून. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री, थर्मामीटर आणि वही. काठावरच्या उघड्या जागी काकूंना बसवलं.

“दर दहा मिनटाला विचारायचे, आता कसं वाटतंय?” काकू सांगत होत्या. “म्हणलं, लई राग आल्यासारखं वाटतंय. तर तेबी लिहून घेतलं.”

“मग?”

“मग काय. मी उठले, झाडाखाली गेले, भाकर खाल्ली. म्हणलं, अवो, मला लेकीच्या घरी जायचंय. वाळवंटात कोण चाललंय?”

संध्याकाळी काकांनी मात्र वहीत नोंद केली: उघड्यावर चाळीस मिनिटं, सावलीत त्रास नाही. काकूंनी मला ते पान दाखवलं. त्या हसत होत्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्यांचे गुडघे त्या वर्षात बरेच दुखायला लागले होते, आणि आमचा जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

त्याच पावसाळ्यात एकदा काका बसलेले असताना शफी आला. शफी गवंडी, आठ वर्षांपासून मस्कतला जाऊन-येऊन कामाला. सुट्टी संपली होती, परतीचं तिकीट न्यायला आला होता. काकांनी लगेच खुर्ची त्याच्याकडं वळवली.

“तुम्ही तर तिथंच असता. मग सांगा बरं, कोणता महिना चांगला?”

शफीनं माझ्याकडं बघितलं, हे थट्टा करतायत का म्हणून. मी मान खाली घातली. “काका,” तो म्हणाला, “जिस महीने में कंपनी बुलाती, वो महीना. हमकू महीना पूछने की सहूलत नै है.”

“तसं नाय, पण त्यातल्या त्यात?”

“त्यातल्या त्यात, बच्चे यहां से फोन करते ना, वो दिन अच्छा.”

मला वाटलं, आता तरी काही आत शिरेल. काकांनी पेन उघडलं, थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: गवंडी, आठ वर्षं, माहिती नाही. मी उठून पाणी प्यायले. नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं.

दुसरा हिवाळा आला आणि गेला. त्याचं वेगळं काय सांगायचं? डिसेंबरला काकूंना खोकला झाला, जानेवारीत काकांच्या मते नोंदी मागच्या वर्षीशी जुळत नव्हत्या. आणखी एक वर्ष बघू, म्हणजे तीन वर्षांची सरासरी येईल, असं ते म्हणाले. सरासरी हा शब्द ऐकल्यावर मी त्यांची फाईल खालच्या खणात टाकून दिली. यायचं तेव्हा येतील, मी आता उघडणार नाही, असं ठरवलं. माझ्या या रागाबद्दल पुढं लिहायचंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकू एकट्या आल्या. जिन्यावर त्यांच्या थांबण्याचे आवाज आले, तीनदा. आत आल्या, खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि पिशवीतून फक्त स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

“मला एकटीला तिकीट काढून द्या.”

ज्योतीला थंडीच्या देशात, युरोपात नोकरी लागली होती. जूनअखेरीला ती मस्कतचं घर सोडणार होती, किल्ली मालकाला परत देणार होती. सामान विकायला काढलं होतं.

“पुढं ती कुठं राहील, कशी राहील, माहीत नाय,” काकू म्हणाल्या. “पण हे तिनं पहिलं मांडलेलं घर हाय. ते मोडायच्या आत मला बघायचंय.”

“काकू, जूनमध्ये तिकडं आग असते,” मी म्हणाले. दीड वर्ष काकांशी भांडलेली मी, आणि तोंडातून निघालं हेच.

“असू दे. आपल्याकडं काय मे महिन्यात बर्फ पडला व्हय?”

“काकांना सांगितलंत?”

“सांगून आले. ते म्हणले, जून काय वापसा हाय का? मी बिडकीनची, बाई. रानात वाढलेली. वापसा दोन-तीन दिवस राहतो, मग ढेकळं होत्यात आणि औत मोडतं. ह्यांना खात्यानं थांबायचं शिकवलं, पुढचं शिकवलंच नाय. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात थांबा म्हणत फिरले, स्वतः कधी पेरलं असतं तर कळलं असतं.”

एवढं बोलून त्या रडल्या नाहीत. पासपोर्ट माझ्याकडं सरकवला आणि कुठं सही करायची ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताना काका आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले नाहीत, सरळ आत आले. वही नव्हती. “माझंबी काढा,” म्हणाले, आणि पासपोर्ट ठेवला. कधीचं काढू, हवा कशी असेल, काही नाही. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला आणि लगेच त्यांचा पासपोर्ट उघडला. मुदत सप्टेंबरला संपत होती.

परदेशात जाताना पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक लागतात. हे मी रोज दहा जणांना सांगते. काकांच्या पासपोर्टला तीन होते. मी तारीख पुन्हा वाचली, जशी काही ती बदलणार होती. मग त्यांना सांगितलं.

“मग नवा काढू,” ते म्हणाले.

मी संगणकावर अपॉइंटमेंट बघितली. फोन केले, ओळखीच्या दोघातिघांना विचारलं. अपॉइंटमेंट, पोलीस पडताळणी, मग नवा पासपोर्ट, मग व्हिसा. कितीही धावपळ केली तरी जुलैचा मध्य उजाडत होता, आणि घराची किल्ली जूनअखेर जाणार होती.

“जानेवारीत चालला असता का हा?” काकांनी विचारलं.

“चालला असता.”

“मागच्याबी जानेवारीत?”

“तेव्हाही.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो माझा. तारखा बघणं हे माझं काम. ती फाईल मी चिडून खणात टाकली नसती, हिवाळ्यात एकदा उघडली असती, तर नूतनीकरण तेव्हाच करून घेतलं असतं. महिने निवडण्यात ते गुंतले होते आणि त्यांच्यावर चिडण्यात मी, आणि आमच्या दोघांच्या हाताखालून मुदत निघून गेली. मी हे त्यांना बोलून दाखवलं. माफी मागितली. काकांनी दस्तीनं तोंड पुसलं. “तुमचं काय त्यात,” म्हणाले, “तुम्ही तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.” त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

काकूंना सोडायला ते मुंबईपर्यंत गेले आणि विमानतळाच्या दारावरून परत आले. पुढं त्यांचा नवा पासपोर्ट आला. ज्योती गेली त्या देशाचा व्हिसा लवकर होत नाही; माघात काका गेले तेव्हा अर्ज तिकडंच होता. तो पासपोर्ट काकूंनी मला नंतर दाखवला, आतली सगळी पानं कोरी. मी तो त्यांच्या हातात परत दिला.

पण काका म्हटलं की मला आठवतो तो काकू मस्कतला पोचल्यानंतरचा दुसरा की तिसरा दिवस. अकरा वाजले असतील. काका आले आणि म्हणाले, “माझ्या फोनवर चित्र लई बारीक दिसतंय. तुमच्या मोठ्या पडद्यावर लावून देता का?” मी व्हिडिओ कॉल लावून दिला, माझी खुर्ची त्यांना दिली आणि बाजूच्या स्टुलावर बसले.

पडद्यावर काकू आल्या. अंगावर शाल. “बाहेर भट्टी पेटलीय आणि आत ह्या एसीनं मी गारठलेय,” त्या म्हणाल्या. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. काका हसले नाहीत. ज्योतीनं फोन हातात घेतला आणि खिडकीकडं नेला. “बाबा, बघा, ते डोंगर दिसतायत का? आणि ऊन बघा, रस्त्यावर माणूस नाही.”

“बाहेरचं राहू दे,” काका म्हणाले. “आतलं दाखव.”

ज्योतीनं स्वयंपाकघर दाखवलं. गॅसशेजारी काकूंनी नेलेल्या पिठाचा डबा, भिंतीवर ड्युट्यांचा कागद. मग आतली छोटी खोली. तिथं काही सामान नव्हतं, दोन गाद्या, दोन उशा आणि निळा पडदा. “ही तुमची खोली,” ती म्हणाली. “घर घेतलं तेव्हापासून तुमचीच ठेवली होती. इथं मी कुणाला झोपू दिलं नाही.”

काका बराच वेळ ती खोली बघत राहिले. ज्योतीला वाटलं आवाज तुटला, ती हॅलो हॅलो म्हणायला लागली.

“ऐकतोय,” काका म्हणाले. “ज्योती, परत दारापासून दाखव.”

“दारापासून काय? बाहेर नुसता जिना आहे, बाबा.”

“तू बाहेर जा आणि दार लावून घे. मग बेल वाजव. मी आलोय असं समज.”

चित्र हललं, जिना दिसला, बंद झालेलं दार दिसलं. दारावर कागद चिकटवलेला होता, मराठीत ‘शेजूळ’ लिहिलेला. ज्योतीचं बोट पुढं आलं, बेल वाजली. आतून काकूंच्या पावलांचा, दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू येण्याचा आवाज आला. दार उघडलं. काकू शाल सावरत उभ्या होत्या.

“या,” त्या म्हणाल्या.

काकांनी टेबलाखाली पायांतल्या चपला काढल्या, एका बाजूला नीट सारल्या, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.